आठवणींचे भाडेकरू

गेल्या वर्षी आमचे धाकटे काका गेले. तेराव्याच्या दिवशी पाटावर ठेवायला आणि नंतर बैठकीच्या भिंतीवर लावायला त्यांचा एक मोठा फोटो हवा होता. चुलतभाऊ म्हणाला, "फोटोंना काय तोटा? मोबाइलमध्ये हजारो आहेत." होतेही. रात्री आम्ही चौघे चार मोबाइल घेऊन बसलो आणि एकेक फोटो पाहता पाहता बारा वाजले. कुठे काकांचे डोळे मिटलेले, कुठे चेहऱ्यावर सावली, कुठे निम्मे काका चौकटीबाहेर. शेवटी पुतणीच्या लग्नातला एक फोटो सर्वांना पसंत पडला. नवा सदरा घातलेले काका कुणाच्या तरी बोलण्यावर मनापासून हसत होते. घरातल्या प्रत्येकाच्या मनात होते ते नेमके तेच काका.

सकाळी तो फोटो घेऊन मी सांगलीतल्या एका स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने तो संगणकावर उघडला, काकांच्या चेहऱ्यापाशी नेऊन मोठा केला आणि मान हलवली. "साहेब, ह्यात चेहरा राहिलेलाच नाही. नुसते चौकोन आहेत. ओरिजनल फाइल आहे का?"

ओरिजनल फाइल नव्हती. घरच्या ग्रुपवर पाठवताना फोटो लहान झाला होता. मूळ फोटो चुलतभावाच्या मोबाइलवरून आपोआप क्लाउडवर गेला होता खरा, पण तिथे सर्वांत कमी जागा घेणारा पर्याय निवडलेला असल्याने तोही आवळूनच गेला. पुढे मोबाइल भरला म्हणून मोबाइलमधली मूळ प्रत पुसली गेली. तो कमी जागेचा पर्याय चुलतभावाला निवडून कोणी दिला होता? मीच. "फुकटात खूप फोटो मावतात, काही फरक पडत नाही," असे मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात मी त्याला सांगितले होते.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ज्या गोष्टीला आपण 'फोटो सेव्ह आहे' असे म्हणतो, ती नेमकी काय आहे? फोटो कुठे आहे, कसा आहे, आणि कुणाच्या मर्जीवर आहे? आज जवळजवळ प्रत्येक घराला लागू पडणारे हे प्रश्न आपण कधी विचारतच नाही. म्हणून हा खटाटोप.

चौकोनांचे गणित

स्टुडिओवाला ज्यांना 'चौकोन' म्हणाला, तिथून सुरुवात करू. आपल्या मोबाइलमधला साधारण फोटो १२ मेगापिक्सेलचा असतो. म्हणजे ४,००० आडवे आणि ३,००० उभे असे एक कोटी वीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला तीन बाइट लागतात. हा हिशेब सरळ मांडला तर एका फोटोला ३६ एमबी जागा लागायला हवी. प्रत्यक्षात तो तीन-चार एमबीत बसतो. उरलेला नऊ-दशांश भाग गेला कुठे?

तो जेपेग नावाच्या पद्धतीने गाळला. फोटोग्राफीतील तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय समितीने १९९२ साली ही पद्धत पक्की केली, आणि तिच्यामागचे निरीक्षण मोठे मजेदार आहे. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारीक फरक चटकन कळतो, पण रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून ही पद्धत आधी चित्रातला उजेड आणि रंग वेगळे करते आणि रंगाची नोंद विरळ करून टाकते. मग चित्राचे आठ ठिपके लांब आणि आठ ठिपके रुंद असे बारके चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातले ठिपके तसेच न लिहिता 'मोठे, सावकाश बदल किती' आणि 'बारीक, झपाट्याने होणारे बदल किती' अशा ६४ आकड्यांत त्याचे वर्णन करते. बारीक बदलांचे आकडे डोळ्याला फारसे जाणवत नाहीत. ते ढोबळ करायचे किंवा शून्य करून सोडून द्यायचे. शून्ये पुष्कळ झाली की ती लिहायला जागा थोडी लागते.

किती आकडे ढोबळ करायचे, हे आपल्या हाती असते. थोडे केले तर मूळ आणि नक्कल यांतला फरक शोधूनही सापडत नाही. फार केले की चौकोनांच्या कडा दिसू लागतात, केसांचा पुंजका होतो, सुरकुत्या पुसल्या जातात. आणि एकदा टाकलेले परत येत नाही, ही यातली ग्यानबाची मेख आहे. लहान केलेला फोटो पुन्हा मोठा करता येतो, पण त्यातला तपशील परत आणता येत नाही. हल्ली यांत्रिक बुद्धीने असे फोटो 'सुधारून' देणारी साधने निघाली आहेत. ती तपशील शोधत नाहीत, रचतात. स्टुडिओवाल्याने आम्हांला तसाही एक नमुना करून दाखवला. चेहरा स्वच्छ होता, पण तो काकांचा नव्हता. काकांसारख्या दिसणाऱ्या कुणा गृहस्थाचा होता.

बंगळूरच्या माणसाची कल्पना

ज्या गणितावर हा सारा डोलारा उभा आहे, त्याचे जनक नासिर अहमद हे १९४० साली बंगळूरमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते आहेत, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर संशोधन करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच साधी वाटली, असे अहमद यांनीच पुढे सांगितले आहे. त्यांनी अनुदानावाचून काम चालू ठेवले. टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' हे त्याचे नाव. आज जगातला असा मोबाइल नाही, ज्यात हे गणित दिवसातून अनेकदा होत नाही.

तेव्हा फोटो आवळणे ही काही फसवणूक नव्हे. ते नसते तर सणावाराला आपण एकमेकांना फोटो पाठवूच शकलो नसतो. २०१७ पासून ॲपलने आपल्या फोनमध्ये हेइक ही नवी पद्धत आणली. तिच्यात जवळपास तोच दर्जा जेपेगच्या साधारण निम्म्या जागेत बसतो. गाळण्याचे शास्त्र पुढेच गेले आहे. किती गाळावे, केव्हा गाळावे आणि ते कुणी ठरवावे, एवढाच प्रश्न आहे.

चार दुकाने, चार रीती

आता क्लाउडकडे वळू. क्लाउड म्हणजे कुणाच्या तरी मालकीचे, दूर देशी बांधलेले, संगणकांनी भरलेले गोदाम. त्यात आपण एक कप्पा भाड्याने घेतो. भाडे कधी पैशांत असते, कधी नसते. पण कप्पा आपल्या मालकीचा कधीच नसतो. निरनिराळ्या गोदामांच्या रीती निरनिराळ्या आहेत, आणि त्या समजून न घेता आपण कप्पा उघडतो.

गूगल फोटोजमध्ये पर्याय ग्राहकाला निवडायचा असतो. 'ओरिजनल' निवडला तर फोटो जसा काढला तसा राहतो. 'स्टोरेज सेव्हर' निवडला तर फोटो पुन्हा एकदा आवळला जातो. १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर तेवढ्यावर आणला जातो आणि व्हिडिओ १०८० च्या दर्जापर्यंत उतरवला जातो. काही ठिकाणी, त्यात भारतही आला, 'एक्सप्रेस' असा तिसरा पर्याय दिसतो. त्यात फोटो ३ मेगापिक्सेलचा होतो आणि व्हिडिओ ४८० चा. गूगलच्याच म्हणण्यानुसार १६ मेगापिक्सेलचा फोटो २४ बाय १६ इंचांपर्यंत चांगला छापता येतो, तर ३ मेगापिक्सेलचा १० बाय ८ इंचांपर्यंत. म्हणजे मधला पर्याय घरगुती वापराला पुष्कळ झाला. तिसरा मात्र केवळ मोबाइलच्या पडद्यापुरता आहे. समूहचित्रातला एक चेहरा कापून मोठा करायची वेळ आली की तो उघडा पडतो.

ॲपलच्या आयक्लाउडमध्ये असा पर्यायच नाही. तिथे वर जाणारा फोटो मूळ स्वरूपातच जातो. 'ऑप्टिमाइज स्टोरेज' हे जे बटण दिसते, त्याने क्लाउडवरचा फोटो लहान होत नाही. फोनमध्ये लहान प्रत राहते आणि मूळ वर राहतो. म्हणजे नावे सारखी वाटली तरी एकीकडे 'जागा वाचवा' म्हणजे गोदामातली वाचवा आणि दुसरीकडे हातातल्या फोनमधली वाचवा. हा फरक न कळल्याने होणारे घोटाळे अनेक आहेत. आयक्लाउडची दुसरी गोष्ट ध्यानात ठेवायची ती अशी, की तो आरशासारखा चालतो. फोनमधून फोटो पुसला तर तो क्लाउडमधूनही पुसला जातो. 'नुकतेच पुसलेले' या कप्प्यात तो ३० दिवस थांबतो आणि मग कायमचा जातो. "वर आहे ना, मग इथला काढून टाकू," असे म्हणून पुष्कळांनी आपले फोटो आपल्याच हाताने घालवले आहेत.

ॲमेझॉनची रीत तिसरी. अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांतल्या प्राइम सभासदांना मूळ दर्जाचे हवे तेवढे फोटो ठेवता येतात. व्हिडिओला मात्र ५ जीबीची मर्यादा आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या हे परिचयाचे असेल. पण ही सोय सभासदत्वाला बांधलेली आहे. वर्गणी थांबली की सोयही थांबली. चौथा प्रकार मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचा आणि ड्रॉपबॉक्सचा. ही साधी गोदामे आहेत. फाइल जशी द्याल तशी ठेवतात, कापाकापी करत नाहीत. फुकटची जागा मात्र अनुक्रमे ५ आणि २ जीबीच. आयक्लाउडचीही ५ जीबी, गूगलची १५. त्या पंधरात टपाल म्हणजे जीमेल आणि इतर फाइली यांचाही वाटा असतो, हे विसरून चालत नाही.

फुकटचे दिवस

'फुकट ते पौष्टिक' अशी आपली समजूत असते, आणि या धंद्याने तिचा चांगला उपयोग करून घेतला. मे २०१५ मध्ये गूगलने फोटोजची सेवा सुरू केली, तेव्हा 'हाय क्वालिटी' दर्जाचे हवे तेवढे फोटो कायम फुकट, असा तिचा मुख्य आकर्षणबिंदू होता. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, आपल्याकडे जिओ आले आणि स्वस्त इंटरनेट खेड्यापाड्यांत पोचले. लोकांनी फोटो काढले, आणि ते आपोआप वर जात राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये गूगलने सांगितले, की आपल्याकडे ४ लाख कोटींहून अधिक फोटो साठले आहेत आणि दर आठवड्याला २८ अब्ज नवे फोटो व व्हिडिओ येत आहेत. आणि त्याच वेळी जाहीर केले, की १ जून २०२१ पासून ही फुकटची सोय बंद. त्याआधी चढवलेले आवळलेले फोटो मोजणीतून वगळले गेले. नंतरचा प्रत्येक फोटो १५ जीबीत धरला जाऊ लागला. 'हाय क्वालिटी' हे नावही बदलून 'स्टोरेज सेव्हर' झाले. सहा वर्षे ज्याला 'उच्च दर्जा' म्हटले, ते 'काटकसर' होते, याची ही कबुलीच म्हणायची.

गूगलला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. फ्लिकर या सेवेने २०१३ साली प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट दिली होती. २०१८ मध्ये मालक बदलले, आणि त्याच वर्षी जाहीर झाले की फुकट खात्यात हजारच फोटो राहतील. वरचे पुसले जातील. मायक्रोसॉफ्टने वर्गणीदारांना दिलेली अमर्याद जागा २०१५ मध्ये काढून घेतली आणि पुढल्या वर्षी फुकटची जागा १५ जीबीवरून ५ वर आणली. छायाचित्रणाचे दुसरे नाव असलेल्या कोडॅकची संकेतस्थळावरची गॅलरी २०१२ मध्ये बंद झाली आणि तिथले फोटो दुसऱ्या कंपनीकडे सोपवले गेले. मायस्पेसने तर २०१९ मध्ये मान्य केले, की साठवण हलवताना २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेले संगीत, फोटो आणि व्हिडिओ नष्ट झाले.

यांत वाईट हेतू शोधण्याचे कारण नाही. गोदामाला वीज लागते, यंत्रे लागतात, माणसे लागतात. कुणीतरी त्याचे पैसे देणारच. आपण देत नसू, तर देणारा जोवर देईल तोवरच आपला संसार तिथे चालायचा. भाडेकरूने एवढे ओळखावे.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

'तुमची जागा संपत आली आहे' अशी सूचना आली की आपण काय करतो? रविवारी दुपारी बसून एकेक फोटो पुसतो. काहीजण माझ्यासारखे फोटोचा दर्जा खाली आणतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. साधा हिशेब मांडून पाहू. एक फोटो ३ एमबीचा धरला तर १५ जीबीत पाच हजार फोटो बसतात. आयफोनवर फोर-के दर्जाच्या चित्रणाला, काटकसरीची पद्धत वापरूनही, मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात. म्हणजे एक मिनिट बरोबर पंचावन्न-साठ फोटो. हळदीच्या कार्यक्रमाचे दहा मिनिटांचे हलते-डुलते चित्रण, जे पुन्हा कुणीही पाहिलेले नसते, ते साडेपाचशेहून अधिक फोटोंची जागा अडवून बसते. तेच चित्रण १०८० च्या दर्जाने केले तर मिनिटाला ६० एमबी पुरतात, आणि घरच्या पडद्यावर फरक फारसा कळत नाही.

म्हणजे काटकसर करायचीच असेल तर ती चित्रणात करावी. त्यापाठोपाठ सकाळच्या शुभेच्छा, देवांची चित्रे आणि एकाच क्षणाचे सात-सात फोटो. फोटोचा दर्जा सर्वांत शेवटी. दात कोरून पोट भरत नाही, आणि फोटो आवळून क्लाउड रिकामा होत नाही.

दुसरी गळती होते ती व्हॉट्सॲपवर. आज घरोघरचा अल्बम तोच झाला आहे. लग्नाचे, बारशाचे फोटो 'ग्रुपवर आहेत' म्हणून आपण निश्चिंत असतो. पण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो साधारणपणे लांबीकडून १,६०० ठिपक्यांवर येतो. मूळच्या ४,००० बाय ३,००० मधून उरतात १,६०० बाय १,२००. एकंदर ठिपक्यांचा सहावा हिस्सादेखील नाही! १८ इंच रुंद छापला तर इंचाला नव्वदच ठिपके येतात. चांगल्या छपाईला तीनशे लागतात. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या 'एचडी' पर्यायाने परिस्थिती सुधारली, पण तो आठवणीने निवडला तर. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मात्र तो मूळचा, तसाच जातो.

ठिपक्यांबरोबर आणखी एक गोष्ट हरवते, तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. मूळ फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि बहुधा ठिकाणही लिहिलेले असते. पूर्वी आजोबा फोटोच्या मागे शाईने लिहीत, 'पंढरपूर, आषाढी, १९६१', तसेच हे. फोटो म्हणून पाठवताना ही पाठची शाई पुसली जाते. दहा वर्षांनी आपल्या नातवंडांपुढे फोटो असेल, पण तो केव्हाचा आणि कुठला, हे सांगायला कुणी असेलच असे नाही.

किल्ली कुणाकडे?

फोटो मूळ दर्जाचा आहे, पैसे वेळेवर भरले आहेत, तरीही एक प्रश्न राहतोच. कप्प्याची किल्ली कुणाकडे?

ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची हकीकत छापली. लहान मुलाच्या नाजूक जागी सूज आली होती. डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्याने फोटो काढले. ते आपोआप क्लाउडवर गेले, यंत्राने ते आक्षेपार्ह ठरवले आणि गूगलने त्याचे खाते बंद केले. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नसल्याचा निर्वाळा दिला, तरी खाते परत मिळाले नाही. मुलाच्या जन्मापासूनचे फोटो, पत्रव्यवहार, फोन क्रमांक, सारे एका कुलपामागे गेले. लहान मुलांवरचे अत्याचार पकडण्यासाठी अशी तपासणी हवी, हे मान्यच आहे. पण सारी अंडी एका टोपलीत ठेवली की टोपली उचलून नेणाऱ्यापुढे आपले काही चालत नाही, हेही तितकेच खरे.

यापेक्षा अधिक सार्वत्रिक प्रसंग म्हणजे मृत्यू. काकांचा स्वतःचा मोबाइल होता. त्यांनी काढलेले फोटो, म्हणजे शेताचे, बैलांचे, काकूचे, त्यांच्या खात्यात आहेत. पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. कपाटातला अल्बम कपाटासह मुलांकडे येतो. खाते तसे येत नाही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. म्हणजे गेलेल्या माणसाच्या फोटोंनाही पुढे मुदत लागलेली असते. यावर उपाय आहेत. गूगलमध्ये २०१३ पासून 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खाते ठरावीक काळ बंद राहिले तर ते कुणाला उघडता यावे, हे आधी सांगून ठेवता येते. ॲपलनेही डिसेंबर २०२१ मध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' ही सोय आणली. दोन्हींना दहा मिनिटे पुरतात. पण विम्याच्या कागदावर वारसाचे नाव आठवणीने घालणारे आपण, इथे ते घालत नाही.

मग करावे काय?

एवढे सारे वाचून क्लाउडच नको, असे वाचकांनी म्हणू नये. मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो, चोरीला जातो. पुराच्या पाण्यात अल्बमही वाहून जातात, हे सांगली-कोल्हापूरकरांनी २०१९ मध्ये पाहिले आहे. दूर ठेवलेल्या प्रतीचे मोल अशा वेळी कळते. फक्त ती एकुलती एक प्रत असू नये.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक सोपा नियम आहे. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घरगुती भाषेत सांगायचे तर मोबाइल, एक हार्ड डिस्क आणि क्लाउड. हार्ड डिस्क वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, बाहेर काढून भरावी म्हणजे विसर पडत नाही. गूगलमध्ये 'टेकआउट' नावाची सोय आहे, तिने आपला सारा संग्रह उतरवून घेता येतो. ॲपलमधूनही सर्व फोटो मागवता येतात. वर्षातून एकदा तरी ते करावे.

मोबाइलमध्ये जाऊन आपला पर्याय कोणता आहे, हे आजच पाहावे. मूळ दर्जा परवडत असेल तर तो ठेवावा. नसेल तर मधला पर्याय ठेवून मूळ प्रती हार्ड डिस्कवर उतरवाव्यात. सर्वांत खालचा निवडू नये. जुने मूळ फोटो एका फटक्यात आवळून जागा परत मिळवून देणारे बटणही असते. ते दाबल्यावर माघार नाही. आणि 'फोनमधली जागा मोकळी करा' हे बटण दाबण्यापूर्वी वर काय दर्जाची प्रत गेली आहे, हे पाहावे. मूळ आणि लहान यांतले मूळ पुसून लहान जपण्याचा उद्योग मी करून चुकलो आहे. तो तुम्ही करू नये.

आणि शेवटचा उपाय सर्वांत जुना आहे. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले विंट सर्फ यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये एका विज्ञान परिषदेच्या वेळी इशारा दिला होता, की आपल्या काळाच्या नोंदी पुढच्या पिढ्यांना उघडताच न येण्याचा धोका आहे. जे फोटो खरोखर जिवाभावाचे आहेत ते कागदावर छापून ठेवा. ज्याने हे जाळे विणले त्यानेच हा सल्ला द्यावा, यातच सारे आले. वर्षाला पंचवीस फोटो छापावेत. मागे शाईने नाव, गाव, साल लिहावे. खर्च एका जेवणाचाही होत नाही.

आमच्या काकांच्या फोटोचे काय झाले, हे सांगायचे राहिले. स्टुडिओतून हात हलवत परत आलो तेव्हा काकूने कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात १९९८ सालच्या रोलच्या निगेटिव्ह पट्ट्या होत्या, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून नीट ठेवलेल्या. महालक्ष्मीच्या दर्शनाला कोल्हापूरला गेले होते, तेव्हाचा काकांचा एक फोटो त्यांत निघाला. स्टुडिओवाल्याने तो पाहिजे तेवढा मोठा करून दिला. मिशीचा केस न् केस दिसतो.

तेराव्याला पाटावर काळ्याभोर मिशीचे, पंचवीस वर्षांनी तरुण काका होते. आलेले लोक "काय सुंदर फोटो!" म्हणत होते. संध्याकाळी सगळे पांगल्यावर काकू बराच वेळ त्या फोटोकडे पाहत बसली. मग म्हणाली, "होते खरे असे. पण शेवटी शेवटी हसायला लागले होते ना, ते ह्यात नाही."

ते हसणे आमच्या चार मोबाइलांत आहे. पडद्यावर बोटभर. त्याहून मोठे ते आता होणार नाही.